बिनहाराचा फोटो

हे माझ्या तोंडून आजवर कधी बाहेर पडलेलं नाही. आणि माझं तोंड तसं फाटकं आहे हो — आमच्या बिल्डिंगमध्ये कुणालाही विचारा, सुमाच्या पोटात काही राहत नाही असंच सांगतील. भाजीवाल्याशी वाजलं तरी मी चार घरी सांगून येते. पण हे एक राहिलं. राहिलं म्हणजे — मी ठेवलं. दाबून ठेवलं. आता तुम्हाला सांगायला बसलेय खरी, पण मध्ये मध्ये अडखळेन. सवय नाही ना याची.

कुठून सुरू करू? मशीनपासून करते. तेवढं सोपं जाईल.

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं. मी डोंबिवली वेस्टला एका डीटीपी सेंटरमध्ये कामाला होते. लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्डं, क्लासवाल्यांच्या प्रश्नपत्रिका, असलं सगळं. मग मालकाने स्कॅनर आणला. झेरॉक्स मशीनच्या धाकट्या भावासारखा दिसायचा. त्यावर फोटो पालथा ठेवायचा, झाकण लावायचं, आतून उजेड सरकायचा, आणि माणूस हळूहळू, डोक्यापासून खाली, पडद्यावर उतरायचा. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी चक्क टाळी वाजवलेली. फोटोशी काय काय करता येतं ते मी स्वतःच शिकले, दुपारी, मालक जेवायला घरी गेला की.

आणि मग काय, आख्खं खानदान माझ्यामागे लागलं. कल्याणच्या मामांना टकलावर केस हवे होते — दिले. एका भाचीला ताजमहालासमोर उभं केलं, ती कधी नाशिकच्या पुढे गेली नव्हती. चुलतबहिणीच्या साखरपुड्याच्या फोटोत मागे कुणीतरी बनियनवर उभं होतं, त्याला उडवून तिथे पडदा लावला. लोक पिशव्या भरभरून जुने फोटो आणून द्यायचे. मी ते घराघराप्रमाणे लावायचे. मामांचं वेगळं, मावशीचं वेगळं, आत्याचं वेगळं. प्रत्येक फोटोला नाव, साल. सगळ्यांची मिळून एक सीडी करायची आणि घरोघर वाटायची असं मी जाहीरच करून टाकलेलं. ज्यांच्याकडे कॉम्प्युटर नव्हता तेसुद्धा म्हणायचे, आम्हालाही दे गं एक. ‘सुमीला द्या, ती करेल’ — हे ऐकलं की मला दोन घास जास्त जायचे. चढलेच होते मी. खोटं कशाला बोलू?

खोटं कशाला बोलू — बघा, कसं पटकन येतं तोंडात.

तर शालूमावशी. माझ्या आईची धाकटी बहीण. आई मी कॉलेजात असतानाच गेली, त्यानंतर मला आई म्हणून जे काही मिळालं ते मावशीकडूनच. ती ठाण्याला राहायची, चाळीत, दोन खोल्या. माझ्या केसांना तेल ती लावणार, माझ्या आजारपणात डोंबिवलीला येऊन ती राहणार, मी मालकाशी भांडून आले की ‘तुझी जीभ आवर गं बाई’ हेही तीच सांगणार.

मावशीला एक मुलगी होती. नंदा, आमची नंदू. माझ्याच वयाची, काही महिन्यांनी मोठी. मावशी एकाच ताग्यातलं कापड आणून आम्हा दोघींना सारखे फ्रॉक शिवायची, रिबिनी पण सारख्या. लोक विचारायचे, जुळ्या का? आणि आम्ही दोघी एकदम ‘हो’ म्हणायचो. नंदू चाळीच्या जिन्यावरून पडलेली एकदा, भुवईला खोक पडलेली, तिथे केस उगवले नाहीत. तेवढीच काय ती खूण. मी म्हणायचे, मलाही पाहिजे तशी.

सात वर्षांची असताना गेली ती. ताप डोक्यात गेला म्हणाले. विनय, तिचा भाऊ, तेव्हा मांडीवर होता.

काकांनी — म्हणजे मावशीच्या यजमानांनी — तिचं सगळं घरातून काढलं. कपडे, पाटी, सगळं. तिचं नाव घ्यायचं नाही घरात. दुष्ट नव्हते हो, त्यांना सोसत नव्हतं इतकंच. एक फोटो मात्र मावशीने हलवू दिला नाही. आम्ही खडवलीला नदीवर गेलेलो सगळे, काकांच्या ऑफिसातल्या एकांकडे कॅमेरा होता. मावशी खडकावर बसलीय, एका बाजूला मी, एका बाजूला नंदू, तेच ते फ्रॉक. काळापांढरा. त्या गृहस्थांनी मोठा करून एकच प्रत दिलेली, पुढे त्यांची बदली झाली. मावशी काकांना म्हणाली, हा माझाही फोटो आहे, राहू दे. आणि राहिला. तेवढा एकच फोटो नंदूचा या जगात.

पुढे काका गेले. त्यांचा फोटो भिंतीवर लागला, हार घालून. वर्ष उलटलं आणि विनयचं लग्न ठरलं.

आता आमच्याकडे पद्धत अशी — पहिली पत्रिका देवापुढे, आणि दुसरी घरातल्या गेलेल्या माणसांच्या फोटोंपुढे. हळदकुंकू लावून ठेवायची. म्हणजे त्यांनाही बोलावणं गेलं. मावशी त्या दिवशी माझ्या घरी आली, डोंबिवलीत कोपरला. काखेत पंच्यात गुंडाळलेली फ्रेम. पाणीसुद्धा प्यायली नाही आधी. म्हणाली, ‘सुमे, भावाच्या लग्नाचं नंदूला बोलावणं नको का? पण या फोटोपुढे कशी ठेवू पत्रिका? यात मी आहे, तू आहेस. जित्या माणसांच्या फोटोपुढे ठेवतात का कुणी? तू मला नंदू एकटी काढून दे.’

मी म्हटलं, स्टुडिओत दिला असतास तर केव्हाच करून दिला असता त्यांनी. तर म्हणाली, ‘परक्याच्या हातात नाही देणार मी. तू घरची.’

आणि जाता जाता, चपला घालताना, म्हणाली, ‘काचेसकटच कर हं. काच काढू नकोस. चिकटलाय तो.’

मी म्हटलं, हो गं.

ऐकलंत ना? मी हो म्हटलं. मला माहीत नव्हतं असं मला म्हणता येत नाही.

का चिकटला होता ते मला नंतर कळलं. विनयच एकदा बोलता बोलता बोलला. रोज सकाळी मावशी आंघोळ करून यायची आणि ओल्या हाताने त्या काचेवरून, नंदूवरून, हात फिरवायची. नंदू कडेला उभी होती. वर्षानुवर्षं फ्रेमच्या फटीतून तेवढंच पाणी आत जात राहिलं, नंदूच्या बाजूने.

दुसऱ्या दिवशी दुपारी मालक जेवायला गेला. मी फ्रेम स्कॅनरवर ठेवली, काचेसकट. चांगली नाही आली. मध्येच पांढरा पट्टा, वर धुरकट. परत केली, तरी तेच. बरं, होतं तसं घेऊन नीट करता आलं असतं का? आलं असतं. वेळ लागला असता, चार दिवस गेले असते, फार सुरेख झालं नसतं. पण मला सुरेख हवं होतं. विनयच्या सासरची माणसं येणार, मामा येणार, सगळे म्हणणार, वा सुमे! मी मागचे खिळे काढले, पुठ्ठा काढला, आणि फोटोचं एक टोक धरून ओढलं.

माझ्या बाजूने सहज सुटला. मावशीही सुटली. मग एक बारीकसा आवाज आला — पापड मोडताना येतो तसला — आणि कागद हातात आला. त्यावर मी होते, मावशी होती, आणि माझ्यासारख्याच फ्रॉकच्या वर एक पांढरा डाग होता.

नंदूचं तोंड काचेवर राहिलं होतं.

आता इथे मला थांबावंसं वाटतंय. पण थांबले तर परत कधी सांगणार नाही.

एवढ्यावर असतं ना, तर ती चूक होती. होते माणसाच्या हातून. मी रडत मावशीकडे गेले असते, तिने कपाळावर हात मारला असता, आणि मग तिनेच मला जवळ घेतलं असतं, मला खात्री आहे. आणि दुसरंही सांगते. ते तोंड काचेवर होतं. तडे गेलेले, पण होतं. एक डोळा, नाकाचा शेंडा, ती भुवई — सगळं होतं. ती काच तशीच पालथी स्कॅनरवर ठेवली असती तर मिळाली असती नंदू. तडे बुजवणं हेच तर माझं काम होतं. मला ते सुचलं नाही असं नाही. सुचलं. पण बाहेर शटरचा आवाज झाला, मालक आला असं मला वाटलं, आणि माझ्या डोक्यात एकच — हे कुणी बघता कामा नये. सुमीने फोटोची वाट लावली हे कुणाला कळता कामा नये.

मी काच घेऊन मागच्या मोरीत गेले. नळ सोडला. पत्रिका कापायचं ब्लेड होतं त्याने खरवडलं. पटकन निघालं हो. पाण्याने आधीच मऊ झालेलं असणार. काळसर पाणी मोरीत गेलं. किती सोपं होतं ते मला अजून हाताला आठवतं.

मालक आला नव्हताच. शेजारच्या दुकानाचं शटर होतं.

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. फ्रॉक तोच होता. रिबीन तीच होती. पांढऱ्या डागाच्या बाजूला, मावशीच्या पलीकडे, एक चांगला स्वच्छ चेहरा होता — माझा. मी माझं तोंड उचललं, उलटं फिरवलं, म्हणजे भांग दुसरीकडे गेला, आणि नंदूच्या मानेवर ठेवलं. कडा मिसळल्या. मागची नदी पुसून साधं राखाडी केलं. दोन-तीन दुपारी गेल्या. आणि सांगू? काम करताना मला मजा येत होती. बसलं की नीट, असं मी स्वतःशी म्हटलंसुद्धा. तो कागद, ती काच, तो पुठ्ठा सगळं मी कचऱ्यात टाकलं. फ्रेम तेवढी ठेवली. फ्रेम चांगली होती.

मावशीला सांगितलं, काच काढावी लागली गं, जुना फोटो पार चुरा झाला — पण घाबरू नकोस, त्याआधीच कॉम्प्युटरमध्ये घेतला होता. बघ नंदू. आणि तिच्या हातात दिला.

ती खिडकीशी गेली. बराच वेळ बघत राहिली. मी आपली चाळीच्या खिडकीबाहेर कुणाचे कपडे वाळतायत ते बघत होते. मग तिने विचारलं, ‘भुवईवरची खूण कुठाय गं?’

मी म्हटलं, ‘ते — मशीन साफ करतं मावशी. असे डाग आपोआप जातात.’

‘डाग नव्हता तो. तिची खूण होती.’

‘मग घालून देते ना परत. त्यात काय? डावी ना?’

मावशीने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, ‘तुला आठवत नाही?’

मी हसले काहीतरी. ती म्हणाली, ‘डावीच.’

मी डोंबिवलीला येऊन, माउस धरून, माझ्या स्वतःच्या भुवईवर खोक काढली. लहानपणी मागितली होती ना मी तशी? मिळाली.

लग्नाच्या आधी पत्रिका ठेवायच्या दिवशी मी ठाण्याला गेलेले. काकांच्या फोटोच्या शेजारी तो फोटो. मामींनी ताजे हार आणलेले, झेंडूचे. एक काकांना घातला. दुसरा उचलला आणि मी घाबरले. कशाने? मला नंदूचं वाईट वाटलं नाही. मावशीचंही नाही. माझं तोंड आहे ते, मी जिवंत आहे, माझ्या तोंडाला हार पडणार — ही एकच भीती. इतकी मी नीच आहे, त्या क्षणी सुद्धा मला माझंच पडलेलं. तेवढ्यात मावशी आतून आली आणि म्हणाली, ‘तिला हार नको. लग्नघर आहे. लेकराच्या गळ्यात कशाला हार!’ मामींनी हार खाली ठेवला. मला इतकं हायसं वाटलं की मी तिथल्या तिथे दोन जिलब्या खाल्ल्या. मावशीने पत्रिकेला हळदकुंकू लावलं आणि फोटोपुढे ठेवली. रडली पण नाही. मला वाटलं, समाधान झालं असेल.

सीडी निघाली. त्यात मी तो फोटो पहिला घातला. नाव दिलं ‘नंदू’. कल्याणला गेली, आत्याकडे गेली, अमेरिकेतल्या चुलतभावाकडेसुद्धा एक गेली. सगळे म्हणाले, अगदी नंदूच! मामा म्हणाले, डोळ्यांपुढे उभी राहिली पोर. पंचवीस वर्षांत कोणाला काय आठवतं? माझ्या बाबांनी तेवढा चष्मा पुसून पुसून बघितला आणि म्हणाले, आपली सुमी पण अश्शीच दिसायची. मी चहा टाकायला उठले.

मग हळूहळू मला होऊ लागलं ते वेगळंच. मी डोळे मिटून नंदूला आठवायला गेले की तो फोटो यायचा. मी काढलेला. जिन्यावर धावणारी नंदू, फ्रॉकचा घोळ धरून गिरकी मारणारी नंदू — आणि तोंड माझं. तिचं कसं होतं? मला येईना. माझ्याशी खेळलेली मुलगी, तिला मी आतूनही धुतलं होतं. आणि मावशीकडे गेले की भिंतीवरून मीच मला बघतेय, काकांच्या शेजारून, गेलेल्या माणसांत बसून. मावशी माझ्या केसांना तेल लावायची. कधीकधी तिचा अंगठा माझ्या डाव्या भुवईवरून जायचा, सावकाश, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. मी म्हणायचे, सोड गं, उशीर झाला.

सांगायला जागा नव्हती का? होती की. तिच्या पायाशीच तर बसलेली असायचे मी.

त्यानंतर दहा वर्षांच्या आत मावशी गेली. झोपेतच. विनय तोवर माजिवड्याला ब्लॉक घेऊन गेला होता, भिंतीवरचे फोटोही तिकडे गेलेले. तेराव्याला मी लवकर गेले. मीच हार नेलेले, तीन. काय माहीत, मनात असं आलेलं की आता भ्यायचं नाही. मावशी गेली, आता माझ्या तोंडाला पडू दे हार, तेवढी तरी शिक्षा होऊ दे. बघा, शिक्षासुद्धा मी माझी मीच, स्वस्तातली शोधलेली. काकांना घातला. मावशीच्या नव्या फोटोला घातला. आणि तिसरा उचलला.

विनय स्वयंपाकघरातून धावतच आला. ‘सुमाताई, त्याला नाही! त्याला नाही घालायचा. आई कधी घालू द्यायची नाही.’

मी म्हटलं, लग्नघर होतं म्हणून ना, ते तेव्हा.

‘छे गं. कधीच नाही. पितृपक्षात पण नाही, नंदूच्या तिथीला पण नाही. एकदा हिने नकळत घातला तर आईने ओरडून काढायला लावला. असली चिडली ना! म्हणाली, सुमीच्या आयुष्याला नाट लागेल.’ आणि हसून म्हणाला, ‘नंदूच्या फोटोचा आणि तुझ्या आयुष्याचा काय संबंध गं? आम्हाला काही कळलं नाही. वय झालेलं तिचं.’

माझ्या हातात हार तसाच.

तिला पहिल्या दिवशीच कळलेलं. खिडकीशी. कळणार नाही तर काय — रोज ओल्या हाताने कुरवाळलेलं तोंड तिचं! म्हणून तिने खूण विचारली. म्हणून तिने ‘तुला आठवत नाही?’ म्हटलं. आणि मग माझी अब्रू राहावी म्हणून मुकाट भिंतीवर मला टांगलं, भावाच्या लग्नाचं बोलावणं माझ्या तोंडापुढे ठेवलं, तिच्या नंदूला बोलावणं गेलंच नाही. आणि वर माझं आयुष्य जपत बसली.

विनय माझ्याकडे बघत होता. हीच वेळ होती. त्याची बहीण होती ती, त्याला हक्क होता. मी काय म्हटलं माहीत आहे? म्हटलं, ‘हो रे. वय झालेलं तिचं.’

हार मी पिशवीत परत ठेवला आणि पानं मांडायला गेले.

फोटो अजून तिथेच आहे. विनयची मुलगी येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवते, ही आमची नंदूआत्या. तिला तसं सांगितलेलं आहे. खरी नंदू कशी दिसायची ते एका मावशीला ठाऊक होतं.